पोरांचा घाम, गावचा दाणा : कर्मवीर अण्णांनी घालून दिलेली रीत

सोलापूर : सप्टेंबर महिन्यात जिल्ह्यातल्या कॉलेजांत दोन कार्यक्रम दोन दिवसांच्या अंतराने होतात. २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती असते. फोटोला हार घालतात, भाषणं होतात, पेढे वाटतात. लगेच २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा दिवस येतो. परत हार, परत भाषणं. या दोन तारखांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पुढं थंडी पडली की हीच कॉलेजची पोरं-पोरी सात दिवसांच्या शिबिराला गावात येतात. शाळेच्या खोल्यांत मुक्काम असतो. सकाळी झाडलोट, ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा, दुपारी व्याख्यान, रात्री करमणूक. आठव्या दिवशी टेम्पो येतो आणि सगळे जातात. पारावर बसलेली माणसं मग विचारतात, पोरं आली कशाला होती आणि गावाला काय देऊन गेली? प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला एनएसएसच्या आधी पन्नास वर्षं मागं जावं लागतं. मॅट्रिकही न झालेल्या एका माणसानं तेव्हा पोरांचं शिक्षण आणि गावाचं काम एकाच दाव्याला बांधलं होतं. त्याच माणसाची ही गोष्ट.

कुंभोजचा हट्टी पोरगा

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी झाला. घराणं जैन शेतकऱ्याचं, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. आईचं नाव गंगाबाई. वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळं बदल्या होत आणि पोराला गावोगावचं पाणी प्यावं लागे. अंगानं दणकट आणि स्वभावानं हट्टी, अशी त्यांची ख्याती लहानपणापासूनची.

त्यांच्या लहानपणची एक हकिकत आजही सांगतात. गावातल्या दलित बायका विहिरीजवळ रिकाम्या घागरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या. त्यांनी विहिरीला हात लावायचा नाही, कुणी ओतलं तर घ्यायचं. भाऊरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला. पाणी सगळ्यांना नाही तर कुणालाच नाही, असा तो पोरसवदा न्याय होता. मोठेपणी त्यांनी मोडणं सोडलं आणि बांधणं धरलं. पण रागाचं मूळ तेच राहिलं.

शिकायला ते कोल्हापूरला गेले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातलं आणि राहायला जैन बोर्डिंग. ते दिवस राजर्षी शाहू महाराजांचे. महाराजांनी जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायचा सपाटा लावला होता. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होऊन या, असं बोर्डिंगात सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सोडावं लागलं. अभ्यासातही फार काही जमलं नाही आणि मॅट्रिकच्या आतच शाळा सुटली.

आज गावात एखादा पोरगा दहावीला अडकला की घरचे कपाळाला हात लावतात. ज्यांच्या नावानं आज शेकडो शाळा-कॉलेजं चालतात, त्यांच्याही हातात मॅट्रिकचा दाखला नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

खोटी साक्ष दिली नाही

१९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण गाजलं. एका पुतळ्याला रातोरात कुणीतरी डांबर फासलं. आळ आला अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर. लठ्ठे हे जैन समाजातले मोठे विद्वान पुढारी, त्या बोर्डिंगच्या कारभारात त्यांचा शब्द चालायचा. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या बोर्डिंगानं आपल्याला बाहेर काढलं, तिथल्या कारभाऱ्यांवर राग काढायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी ती घेतली नाही. त्यांना तुरुंगात टाकलं, छळ झाला. छळ इतका झाला की त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही.

पुढं आयुष्यभर गावोगावच्या लोकांनी या माणसाच्या झोळीत धान्य टाकलं, जमिनी लिहून दिल्या, पोटची पोरं त्याच्या हवाली केली. पावती-पुस्तक बघून कुणी असं करत नाही. दिलेला शब्द हा माणूस मोडणार नाही, एवढीच खात्री लोकांना हवी असते. भाऊरावांच्या बाबतीत ती होती.

नांगर विकता विकता

पोटापाण्यासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. पुढं किर्लोस्करांच्या कारखान्याचे लोखंडी नांगर विकायचं काम धरलं. तो काळ लाकडी नांगराचा. लोखंडाचा फाळ जमिनीत घातला तर जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. असा नांगर विकायचा म्हणजे नुसतं बोलून भागत नव्हतं. बांधावर जायचं, शेतकऱ्याशेजारी बसायचं, त्याची अडचण ऐकायची, मग नांगराचं सांगायचं.

या फिरतीत त्यांनी सातारा, सांगली भागातली गावं पायाखाली घातली. खेड्यात बुद्धी कमी नाही, शाळा कमी आहे, हे त्यांना पक्कं समजलं. गावाच्या भाकरीला चव आहे पण गावाच्या पोराला अक्षर नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा बाप आणि गुरं राखणारा पोरगा हे चित्र ते घरोघरी बघत होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे ते होतेच.

त्याआधीच, १९१० च्या सुमाराला, दूधगाव इथं काही मित्रांना घेऊन त्यांनी मुलांसाठी आश्रम काढला होता. सगळ्या जातींची पोरं एकत्र. खर्चाला पैसा नव्हता, म्हणून मुष्टिफंड सुरू झाला. घरातल्या बाईनं रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते पोरांच्या अन्नासाठी द्यायचं. एका मुठीनं कुणाचं घर बुडत नाही, पण शंभर घरांच्या शंभर मुठींवर वसतिगृह चालतं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली, ही कथा आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. मुष्टिफंडात मोठं कोठार नव्हतं. गावातलं प्रत्येक घर मूठभर दामाजी झालं होतं.

काले गावचा दसरा

४ ऑक्टोबर १९१९. दसऱ्याचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक विचाराच्या मंडळींसमोर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावातच सगळं आलं. रयत म्हणजे शेतकरी, कष्टकरी माणूस. संस्थेची खूण ठरली वडाचं झाड. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि त्यांचेच पुढं बुंधे होतात. शिकून गेलेल्या पोरानं परत मातीत उतरावं आणि दुसऱ्याला आधार द्यावा, हा अर्थ त्यात धरला होता.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथं सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशी सगळ्या घरांतली पोरं एका पंगतीला बसून एकाच चुलीवरचं जेवत. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. स्वयंपाक, झाडलोट, भांडी, लाकूडफाटा ही कामं पोरांनीच वाटून करायची. जातीवरून काम ठरत नव्हतं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र

बोर्डिंगची पोरं वाढत गेली तसा खर्च वाढला. देणग्या यायच्या तेव्हा यायच्या, पोटाला मात्र रोज लागतं. त्या दिवसांत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडायला दिले. सधन घरातून आलेली ही बाई. माहेरचं सोनं पोरांच्या भाकरीत गेलं. शेवटी एकदा घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. सवाष्ण बाईनं मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, हे गावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

दुसऱ्याची, परजातीची पोरं त्यांनी स्वतःच्या पोरांसारखी सांभाळली, आजारपणात उशाशी बसल्या. १९३० साली त्यांचं निधन झालं. संस्थेचं मोठं झाड त्यांना बघायला मिळालं नाही. सोलापूर शहरात रयतचं मुलींचं कॉलेज आहे, त्याला लक्ष्मीबाई भाऊराव पाटील महिला महाविद्यालय असं नाव आहे. खेड्यातून एसटीनं तिथं शिकायला जाणाऱ्या पोरींनी त्या नावामागची ही गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी.

कमवा आणि शिका

भाऊरावांना लोक आता अण्णा म्हणू लागले होते. अंगात खादी, पांढरी दाढी, हातात काठी. संस्थेची वाढ झाली तरी राहणी तीच.

फुकट शिक्षण देऊन भागणार नाही, हे अण्णांना पटलं होतं. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. गरिबाच्या पोरानं शिकावं पण कुणाचा मिंधा होऊन शिकू नये. म्हणून कमवा आणि शिका ही रीत आली. पोरांनी दिवसाचे काही तास अंगमेहनत करायची. माळरान फोडायचं, भाजीपाला पिकवायचा, दगड फोडायचे, इमारतीच्या बांधकामाला हात लावायचा. त्या कामाच्या मोबदल्यात राहणं, जेवण, फी. बापाकडं पैसा नाही म्हणून कुणाचं शिक्षण थांबायचं नाही. स्वावलंबन हे संस्थेचं ब्रीद झालं.

यात एक बारकावा आहे, तो सुटता कामा नये. काम हे फक्त फी भागवायला नव्हतं. विहीर खणणाऱ्या पोराला जमिनीचे थर वाचता येतात. भिंत बांधणाऱ्याला ओळंबा आणि काटकोन हातानं समजतो. बोर्डिंगचा हिशेब ठेवणाऱ्याला गणित शिकवावं लागत नाही. पाटलाच्या पोराला कुदळ धरावी लागली की मजुराच्या हाताला घट्टे का पडतात ते कळतं. मजुराच्या पोराला पाटलाच्या पोराशेजारी बसून पाढे म्हणता आले की त्याची मान आपोआप ताठ होते. हे धडे कुठल्याही क्रमिक पुस्तकात छापता येत नाहीत.

साता समुद्रापलीकडंही असं घडलं होतं. अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली टस्कीगी इथं शाळा काढली. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजल्या आणि स्वतःच्या शाळेच्या इमारती उभ्या केल्या. म्हणूनच अण्णांना महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणतात. दोघांपुढची अडचण सारखीच होती. ज्यांच्याकडं हातांशिवाय भांडवल नाही, त्यांनी शिकायचं कसं? दोघांनीही हातांनाच भांडवल केलं.

गाव शाळेचा भागीदार

खेड्याला शिकलेला मास्तर लागतो आणि तो खेड्यात टिकणारा हवा, म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. तिथून तयार झालेले शिक्षक खेडोपाडी गेले. संस्थेनं शेकडो प्राथमिक शाळा चालवल्या. शाळा बसायची कुठं? कधी देवळात, कधी चावडीत, कधी कुणाच्या गोठ्यात किंवा ओसरीवर.

शाळा मागणाऱ्या गावाला अण्णा रिकाम्या हातानं बसू देत नसत. जागा गावानं द्यायची, इमारतीला हातभार गावानं लावायचा, मास्तराच्या पोटाची काळजी गावानं घ्यायची. त्याच्या बदल्यात संस्था शिकवणार. त्यामुळं शाळा सरकारची किंवा साताऱ्याच्या साहेबांची न राहता गावाची व्हायची. ज्या भिंतीत आपल्या बैलगाडीनं आणलेला दगड आहे, ती भिंत पडायला लागली की माणूस आपणहून धावतो.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. मुलांनी श्रम करावेत आणि मोफत शिकावं, या तत्त्वावर ते चाललं. मग १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं. कष्ट करून विनामूल्य शिकायची सोय आता थेट पदवीपर्यंत झाली. एका धनिकानं मोठी देणगी देऊ केली, पण कॉलेजला आपलं नाव द्या अशी अट घातली, आणि अण्णांनी शिवरायांचं नाव काढायला साफ नकार दिला, अशी हकिकत सांगतात.

या रीतीनं शिकलेल्या पोरांचं पुढं काय झालं, याचं एक उदाहरण पुरे आहे. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन त्यांनी रयतच्याच कामाला वाहून घेतलं आणि पुढं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं शिवाजी विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे बोर्डिंगात भांडी घासत शिकलेला पोरगा ज्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला, त्याच विद्यापीठाची पदवी आज सोलापूर जिल्ह्यातल्या हजारो घरांत भिंतीवर टांगलेली आहे.

अनुदान थांबलं, गाडगेबाबा धावले

गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. पण त्याच सुमाराला, १९४८ साली, सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचं अनुदान थांबलं. शेकडो शाळा, हजारो पोरं, मास्तरांचे पगार, सगळं अडकलं. अण्णा परत झोळी घेऊन फिरले. लोकांनी जमेल तसं दिलं.

अशा वेळी मदतीला धावले संत गाडगेबाबा. बाबांचं आणि पंढरपूरचं नातं आपल्याला सांगायला नको. वारीला येणाऱ्या गोरगरिबांना निवारा हवा म्हणून त्यांनी तिथं धर्मशाळा बांधली. गावात शिरल्यावर आधी हातात खराटा आणि संध्याकाळी कीर्तन, हा बाबांचा क्रम. स्वतः निरक्षर, पण कीर्तनात सांगणं एकच, की वेळेला उपाशी राहा पण पोराला शाळेत घाला. बाबांनी त्या वेळचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडं शब्द टाकला आणि अनुदान परत सुरू झालं. १९५४ साली कराडला रयतचं कॉलेज निघालं, त्याला सद्गुरू गाडगे महाराज यांचं नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं नाव कॉलेजला देणं, हे अण्णांनाच सुचावं.

पुढं पंढरपुरात रयतचं कॉलेज झालं, त्याला कर्मवीरांचं नाव आहे. एकाच गावात बाबांची धर्मशाळा आणि अण्णांच्या नावाचं कॉलेज. वारकऱ्यांची माघारी गेल्यावर वाळवंटात हाती झाडू घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दोघांचीही आठवण व्हायला हरकत नाही.

शेवटचं वर्ष आणि पुढची सुरुवात

१९५९ साल उजाडलं तेव्हा अण्णा थकले होते. भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठानं सन्मानाची डी.लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला डॉक्टर म्हणण्याचा मान विद्यापीठाला मिळाला. महिनाभरातच, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

योगायोग असा की त्याच १९५९ साली केंद्र सरकारनं चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पदवीला जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं काही महिने देशाची सेवा सक्तीनं करावी, अशी शिफारस या समितीनं केली. एवढा खर्च झेपणार नाही म्हणून ती तशी अमलात आली नाही. पण विचार मेला नाही. कोठारी आयोगानं तो पुढं नेला आणि गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन एनएसएस सुरू झाली. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यातली म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत. त्याच्या पाठोपाठ १९७३ साली देशभरच्या एनएसएस शिबिरांचा विषय दुष्काळाशी लढणारे तरुण हाच होता.

आज एनएसएसच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करावं लागतं आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर होतं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर गावाशी, समाजाशी जोडून केलेल्या कामाला अभ्यासक्रमातच गुण, म्हणजे क्रेडिट, मिळू लागले आहेत. विद्यापीठांतल्या कमवा आणि शिका योजनेलाही अनेक ठिकाणी कर्मवीरांचंच नाव आहे. साताऱ्यात त्यांच्या नावाचं विद्यापीठही उभं राहिलं आहे.

रीत कुठं तुटली?

नाव राहिलं, फोटो राहिला. पण अण्णांच्या व्यवहाराला दोन बाजू होत्या, हे दोन्हीकडचे विसरत चालले आहेत.

कॉलेजच्या बाजूनं बघितलं तर गावाचं काम कॉलेजात बसून ठरतं. गावाला पाण्याचा हिशेब हवा असतो आणि पोरं भिंतीवर घोषवाक्यं रंगवून जातात. वनराई बंधारा घालतात पण तो कुठल्या ओढ्यावर घालावा हे जाणत्या शेतकऱ्याला विचारत नाहीत. घरोघरी फिरून वहीत माहिती भरतात, त्यातून काय निघालं ते गावाला कळत नाही. पोराला गुण मिळाले, गाव कोरडंच.

गावाच्या बाजूनंही चूक आहेच. पोरं आली की बघायला गर्दी होते, फावडं धरायला दोन माणसं पुढं येत नाहीत. शिबिर संपल्यावर लावलेल्या झाडांना पाणी कुणी घालत नाही. कॉलेजनं यावं, सगळं करून द्यावं आणि जावं, असा हिशेब असेल तर तो अण्णांचा हिशेब नव्हे. अण्णांनी एकाही गावाला फुकट काही दिलं नाही आणि एकाही पोराला फुकट शिकवलं नाही. म्हणून तर ते टिकलं.

सोलापूरच्या मातीला ही रीत परकी नाही. सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमातून तलाव खोदवला, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तलाव अजून शहराच्या मधोमध आहे. श्रमाला गावाची साथ असली की काम शतकं टिकतं.

मग करायचं काय? शिबिर गावात येण्याआधी ग्रामसभेनं तीन गोष्टी कॉलेजशी बोलून घ्याव्यात. पहिली, काम कोणतं करायचं ते गाव सांगेल. मग ती विहिरींच्या पाणीपातळीची नोंद असेल, माती परीक्षणाचे नमुने गोळा करणं असेल किंवा म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे अर्ज भरून देणं. दुसरी, त्या कामात गावाचा वाटा काय, माणसं किती, साहित्य कुणाचं. तिसरी, पोरं गेल्यावर ते काम कुणी सांभाळायचं. आणि पोरांनी वहीत जे लिहिलं, ते परत येऊन चावडीवर वाचून दाखवावं. आपल्या कामाची परीक्षा गावासमोर द्यायची वेळ आली की पोरगं खरं शिकतं.

२२ सप्टेंबरला जयंती, २४ ला एनएसएसचा दिवस. मधे २३ तारीख मोकळी आहे. त्या दिवशी सरपंच, शाळेचे गुरुजी आणि जवळच्या कॉलेजचे प्राध्यापक तासभर एकत्र बसले, तर हाराचे पैसे वसूल होतील. बसताना मधे मूठभर ज्वारी ठेवावी. अण्णांच्या संस्थेला पहिल्यांदा तेच मिळालं होतं.